एकतीसच्या आधी

"पडा ना काकू," मागं उभा असलेला पिंट्या हळूच म्हणाला. "मी धरतो. काळजी नका करू."

आई काही पडेना.

प्रार्थनेनं आजार बरे करायला आलेल्या ब्रदर अलीशानं तिच्या कपाळावर तळवा दाबून धरला होता. पवित्र आत्मा उतरला की माणूस आपोआप पडतो, असं म्हणतात. तिच्या आधीची माणसं नुसतं बोट लावलं की पडली होती. सतरंजीवर वाळत घातलेल्या पापडांसारखी पसरली होती सगळी. कुणी डोळे मिटून हसत होतं, कुणी एक डोळा उघडून आपली चप्पल बघत होतं. त्यांना झेलायला पिंट्या भिंगारदिवेची नेमणूक होती, कारण त्याचा बाप आमच्या मंडळीचा डीकन. डीकन म्हणजे चर्चचा पंच.

आई तिथं गेली होती मानेसाठी. कणीक मळून आणि बटाटे ठेचून तिची मान धरली होती. उजवीकडं वळायचीच नाही. गिऱ्हाईक उजवीकडून आलं की आई अख्खी वळायची, तोफेसारखी. मी तिला म्हणलं होतं, डॉक्टरला दाखव, दवाखाना तर समोरच आहे. पण संजीवन सभा आपल्याच मिशन कंपाऊंडात, ब्रदर पुण्याचा, मांडव दाराशी. फुकट ते पौष्टिक.

ब्रदरनं अजून जोर लावला. कीबोर्डवाल्यानं सूर चढवला. मी पहिल्या रांगेत होते, मला ब्रदरच्या मनगटाची शीर दिसत होती. हे प्रार्थनेचं काम नव्हतं, हे बंद पडलेली जीप ढकलायचं काम होतं.

कट्ट असा आवाज आला. ब्रदरच्या कॉलरला माइक होता, म्हणून तो कट्ट लिंबाच्या झाडावरच्या कर्ण्यातून थेट एसटी स्टँडपर्यंत गेला. आणि त्याच्या पाठोपाठ आईचा आवाज गेला.

"मेल्या, मान मोडतो का माझी? जळो तुझा आत्मा."

कीबोर्ड थांबला. पडलेली माणसं उठून बसली.

ब्रदर दोन पावलं मागं सरला. चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, आईला चिडलेली माणसं हाताळता येतात. तो एकदम हळू, गोड आवाजात बोलला. "ताई, माझा आत्मा जळू दे. मी कोण? माती. पण ह्या घटकेला माझ्यात माझा आत्मा नाही. ज्याचा आहे, त्याला तुम्ही बोललात." मग डोळे मिटून त्यानं वचन म्हणलं, मत्तय बारा, एकतीस आणि बत्तीस. सगळ्या पापांची क्षमा होईल, पण पवित्र आत्म्याविरुद्ध जे दुर्भाषण, त्याची नाही. ह्या युगातही नाही, येणाऱ्या युगातही नाही.

दुर्भाषण. आता आमच्या कंपाऊंडात हा शब्द कुणालाही विचारा, लोक आईकडंच बोट दाखवतील. दवाखान्याच्या फाटकापाशी आमची नाश्त्याची गाडी, आणि वड्यापेक्षा आईच्या शिव्या जास्त खपायच्या. "आलास का रे दरिद्री, कालची आंघोळ आज केली का" असं ऐकल्याशिवाय रिक्षावाल्यांना चहा उतरत नव्हता.

आईनं नुसता पदर सावरला, येऊन माझ्या शेजारी बसली. तिच्यासमोर शेवटचा शब्द दुसऱ्या कुणी बोलल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

ह्याला तीन वर्षं झाली. मी तेव्हा सोळाची. माझं नाव कसीया, बायबलातल्या ईयोबाच्या पोरीचं नाव आहे ते, पप्पांनी शोधून ठेवलेलं. शाळेत सगळे काशी म्हणायचे. शाळा मी नववीतच सोडली होती. गणिताच्या बाई म्हणाल्या, उत्तर बरोबर आहे पण कॉपी केलंय, आधीच्या पायऱ्या कुठंयत, पायऱ्या दाखव. मी म्हणलं, उत्तर डोक्यात लिफ्टनं आलं, पायऱ्या लागल्याच नाहीत. त्या आईच्या गाडीवरून काहीतरी बोलल्या. मी डस्टर फेकलं. त्यांना लागलं नाही, पण शाळेला लागलं. दुसऱ्या दिवसापासून मी गाडीवर.

तर त्या सभेच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी आईनं स्टोव्ह पेटवला, वडे सोडले आणि तोंड शिवल्यासारखी उभी राहिली. इक्बालभाई रिक्षावाला आला. बाकड्यावर बसला. वाट बघितली.

"काकू, वडा द्या."

आईनं वडा दिला.

"मी काल पैसे न देता गेलो होतो, काकू."

आईनं मान हलवली, म्हणजे सगळी हलली.

इक्बालभाई माझ्याकडं बघून म्हणाला, "कुणी गेलं का घरात?"

"नाही. आईच चाललीय," मी म्हणलं.

त्यानं अर्धा वडा तसाच ठेवला. दहाच्या सुमाराला सगळं गिऱ्हाईक पलीकडच्या गाडीवर. तिथला पोहेवाला शिव्या देत नव्हता, पण निदान बोलत तरी होता.

दुपारी बटाटे सोलताना मी आईला धरलं. "त्या माणसाला एवढं काय मनावर घेते? त्यानं ढकललं, तू बोललीस. फिटंफाट."

तिनं हातातला बटाटा सोलून पाण्यात टाकला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "तोंडातनं निघालं की परत काहीतरी जाईल, कशे. आता बंदच बरं."

"आणि जेवायचं? काल रात्रीपासून तू काही खाल्लं नाही."

"तुझे पप्पा तिकडं," ती म्हणाली. "मी आता कुठं जाणार ते ऐकलंस ना. येणाऱ्या युगात पण नाही म्हणाला. म्हणजे भेट नाहीच."

पप्पा आदल्या वर्षी गेले होते. दवाखान्याची ॲम्ब्युलन्स चालवायचे. ड्युटी संपली की गाडीपाशी बाकड्यावर बसून आईच्या शिव्या ऐकत बसायचे, लोक रेडिओ ऐकतात तसे. म्हणायचे, सगुणा गप्प झाली की मला वाटतं लाइट गेली. ते गेल्यावर आई रडली कमी, बोलली जास्त. म्हणायची, जाऊ दे मेला, पुढं जाऊन जागा धरून बसला असेल. त्या जागेवर ती जगत होती. आणि कॉलरला माइक लावलेल्या माणसानं ती जागा काढून घेतली.

माझं डोकं तापलं. मी तशीच उठले आणि पाळकसाहेबांकडं गेले.

रेव्हरंड उजागरे अभ्यासाच्या खोलीत होते. त्यांच्याकडं ग्रीक शास्त्र, म्हणजे मूळ भाषेतलं बायबल आहे आणि ते ग्रीक शास्त्र आहे हे सगळ्यांना माहीत असावं म्हणून ते टेबलावर उघडंच असतं. ही सभा भरवताना कमिटीनं त्यांना विचारलं नव्हतं, म्हणून ते ब्रदरवर नाराज होते. पण कमिटीच त्यांच्या बदलीचं ठरवते, म्हणून नाराजी पण ते ग्रीकमध्येच ठेवायचे.

"सलाम, पाळकसाहेब. आईला माफी आहे का नाही?"

"बस, कसीया. प्रश्न असा सरळ नसतो."

"आई सरळच आहे."

त्यांनी चष्मा पुसला. "मूळ ग्रीकमध्ये हा शब्द फार गंभीर आहे. मराठीत दुर्भाषण वाचून तुम्हाला वाटतं शिवीगाळ. तसं नाही. आणि अगदीच तसं नाही, असंही नाही. ह्या वचनावर विद्वानांची पाच मतं आहेत."

"त्यातली आईच्या बाजूनं किती?"

त्यांनी मनात मोजलं. "अडीच."

"अडीच कसे?"

"एकानं म्हातारपणी मत बदललं."

"मग आईला जाऊन सांगा ना. अडीच तर अडीच."

"मी येईन," ते म्हणाले. "सभा संपू दे रविवारी. आत्ता काही बोललो तर ब्रदरच्या विरुद्ध बोलल्यासारखं होईल. आणि तसं बोलणं..." ते थांबले. मला कळलं. पाळकसाहेबांना पण एकतीसची भीती वाटत होती. ग्रीक येत असून.

संध्याकाळी कमिटी आली. म्हणजे भिंगारदिवेकाका आणि दोन डीकन, गाडीपाशी. आधी भजी मागवली. खाल्ली. हात पुसले. मग काका खाकरले.

"वहिनी, सकाळी बैठक झाली. असं ठरलं की, झाल्या प्रकाराची चौकशी होईपर्यंत तुम्ही रविवारी प्रभुभोजन घेऊ नये."

आईनं मान हलवली.

"तसा ठराव झालाय. एकमतानं. आणि दुसरं, रविवारी दुपारच्या प्रीतिभोजनाला बटाट्याचा रस्सा सांगितला होता, तो तेवढा तसाच ठेवा. दोनशे माणसाचा."

मी झारा खाली ठेवला. "काका, आत्म्याविरुद्ध बोललेल्या बाईच्या हातचा रस्सा चालतो का?"

"अगं, ते सामाजिक," काका म्हणाले. "हे आध्यात्मिक."

"आणि आत्ता भजी खाल्ली ती?"

"ती बैठकीची," दुसरा डीकन म्हणाला.

मी आणखी बोलणार होते, पण आईनं माझा दंड धरला. तिची बोटं गार पडली होती. उकळत्या तेलापाशी उभ्या असलेल्या बाईची बोटं.

त्यानंतर दीनाआत्या आल्या. आमच्या नात्यातल्या नाहीत, पण अख्ख्या कंपाऊंडाच्या आत्या. पूर्वी खेडोपाडी फिरून बायांना शास्त्र वाचून दाखवायच्या. त्यांना पाठ नसेल असं वचन नाही. लहानपणी रविवारच्या शाळेत आम्हाला सुवर्णवचनं त्याच शिकवायच्या. आठवड्याला एक वचन, आकड्यासकट पाठ, म्हणलं की गोळी. आमच्या कंपाऊंडात शास्त्र असंच शिकतात, एकेक वचन, एकेक गोळी.

"घाबरू नकोस, सगुणा," आत्या आईचा हात हातात घेऊन म्हणाल्या. "तुला काय वाटतं, हेच सगळ्यात अवघड वचन आहे? ह्याहून अवघड आहेत." आणि त्यांनी इब्री सहावा अध्याय म्हणून दाखवला. एकदा ज्यांना प्रकाश मिळाला, ज्यांनी स्वर्गीय दानाची रुची घेतली, आणि मग जे पतित झाले, त्यांना पुन्हा नवं करणं अशक्य आहे.

आई पांढरी पडली.

"पतित म्हणजे काय, आत्या?" मी विचारलं.

"पतित म्हणजे पडलेले."

"आई पडलीच नाही ना. तीच तर सगळी भानगड आहे. पडले ते पिंट्यानं झेलले."

"आचरटपणा करू नको, कशे," आत्या म्हणाल्या, पण जरा विचारात पडल्या. मग आईच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. जाताना म्हणाल्या, मी उपास धरते तुझ्यासाठी. आई तर आधीच उपाशी होती. आता दोघी उपाशी.

शनिवारी सकाळी मी मिशनच्या पाहुण्यांच्या बंगल्यावर गेले. ब्रदर अलीशा ओट्यावर बनियनवर उभा राहून मिठाच्या पाण्यानं गुळण्या करत होता. माइक नसताना तो एवढासा दिसत होता. कंबरेला पट्टा बांधलेला. दिवसाला शंभर माणसं ढकलायची म्हणजे कंबर जाणारच.

"तुमच्यामुळं माझी आई जेवत नाही," मी म्हणलं.

त्यानं चूळ टाकली. "कोण? हां, त्या ताई. बहिणी, वचन मी लिहिलं नाही. मी फक्त सांगितलं."

"आईलाच का सांगितलं?"

"त्यांनी विरोध केला. सभेत एकानं विरोध केला की कृपा थांबते." मग जरा खाली आवाजात, "आणि एक जण पडला नाही, की त्याच्या मागचे पण पडत नाहीत."

"म्हणून ते वचन?"

"ते वचन मी माझ्या गुरुजींकडून शिकलो. त्यांनी फार वर्षं सेवा केली."

"कुठं आहे म्हणालात?"

"मत्तय बारा, एकतीस, बत्तीस." हे तो झटकन बोलला, गोळी मिळणार असल्यासारखं.

आणि मला का कोण जाणे, गणिताच्या बाई आठवल्या. "आणि तीसमध्ये काय आहे?"

त्यानं ग्लासातलं पाणी तोंडात घेतलं. जास्तच वेळ खळखळवलं. "तीस पण महत्त्वाचं आहे," तो म्हणाला.

"एकोणतीस?"

"बहिणी, मला साडेदहाची सभा आहे."

मी तिथून पळतच घरी आले. मला काही कळलेलं नव्हतं. एवढंच कळलं होतं की उत्तर सगळ्यांना पाठ आहे आणि पायऱ्या कुणालाच माहीत नाहीत.

आई ओसरीत पोत्यावर बसून बटाटे सोलत होती, रविवारच्या रश्श्याचे. मी कपाटातून शास्त्र काढलं. तिनं बघितलं आणि दोन्ही हात कानावर नेले, एका हातात सुरी तशीच.

"ते नको वाचू."

"तेच वाचते. पण पहिल्यापासून."

"कशे, मी सांगते ना."

"तू बोलणार नाहीस ना? मग मी बोलते. ऐक."

मी बाराव्या अध्यायाच्या पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागले, आणि मला वाचता बरं येत नाही, म्हणून ओरडूनच वाचत होते. शब्बाथाच्या दिवशी शिष्य शेतातून जातात, कणसं मोडून खातात, परूशी म्हणजे ते धर्माचे कडक लोक तक्रार करतात. आईचे हात कानावर होते, पण आमच्या आईला चौकशीची खोड.

"तक्रार कशाची?" तिनं विचारलं.

"सुट्टीच्या दिवशी कणसं तोडली म्हणून."

"भूक लागली होती का त्यांना?"

"लिहिलंय तसं."

"मग खातील नाही तर काय."

हात खाली आले. मी पुढं वाचलं. वाळलेल्या हाताचा माणूस, त्याला बरं केलं, परूशी बाहेर जाऊन प्रभूला मारायचा बेत करायला लागले. "बैठक घेतली असेल," आई पुटपुटली. मग आला बावीस. भूत लागलेला एक आंधळा आणि मुका माणूस आणला, प्रभूनं त्याला बरं केलं, तो बोलायला लागला, बघायला लागला. लोक थक्क झाले. आणि परूशी म्हणाले, हा भुतं काढतो ते भुतांच्या राजाच्या, त्या बालजबूलाच्या मदतीनं. प्रभू म्हणाला, मी देवाच्या आत्म्यानं काढतो. मग घरफोडीचं काहीतरी, एकोणतीस. मग जो माझ्याबरोबर नाही तो माझ्याविरुद्ध, तीस. आणि मग एकतीस.

मी थांबले. आईनं सुरी खाली ठेवली होती.

"परत वाच. बावीस."

मी वाचला.

"म्हणजे मुका होता, तो बोलायला लागला."

"हो."

"ही पवित्र आत्म्याची करणी."

"असंच म्हणतोय तो."

"आणि मी बोलत होते," आई सावकाश म्हणाली, "तर मला मुकं केलं. ही मग कुणाची करणी?"

मी शास्त्रावर हात ठेवला. "आई, पुढं बोलू नको. आता तू त्याला सैतानाचा म्हणालीस तर आपण परत एकतीसमध्येच जाऊ."

 मग तिच्या नाकपुड्या हलल्या. दोन दिवसांत पहिल्यांदा. "मी कुठं म्हणतेय? सैतानबितान काही नाही तो. दमलेला गडी आहे. माणूस पडला नाही की त्याला कापरं भरतं." मग तिनं एक बटाटा उचलला, परत ठेवला. "कशे, ते परूशी. बरा झालेला माणूस समोर उभा, आणि हे म्हणतात सैतानानं केलं. असं मी केलं का कधी? तुझ्या पप्पांनी आणलेला पेशंट पायानं चालत बाहेर आला की चहा कोण पाजायचं?"

"तू."

"फुकट."

"शिव्या देऊन," मी म्हणलं.

"ते वेगळं." तिनं परत सुरी उचलली. मला वाटलं झालं. पण ती म्हणाली, "तरी लिहिलंय ना, ह्या युगात नाही, त्या युगात नाही. ते काही खोडलं नाही कुणी."

"नाही खोडलं."

"मग ते कुणाला?"

"परूश्यांना म्हणतोय."

"घाबरले का ते ऐकून?"

मी पान उलटलं. "नाही. पुढं म्हणतात, आम्हाला काहीतरी चिन्ह करून दाखव."

आईनं नाकानं आवाज काढला. "बघ. एवढं ऐकून ह्यांना तमाशा बघायचा. मी दोन दिवस पाणी गिळताना घाबरले." तिनं पुढचं बोलणं मनात केलं, मला तिच्या ओठांवर दिसत होतं ते. "वाच अजून. काय म्हणतो त्यांना?"

मी पान परत मागं घेतलं आणि चौतीस वाचला. "अहो सापाच्या पिल्लांनो..."

"कोण म्हणतं हे?"

"प्रभूच."

"सापाच्या पिल्लांनो म्हणला?"

"छापलंय इथं."

आईनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते. रडतेय का हसतेय, मला कळेना, मी विचारलं पण नाही. आणि तेवढ्यात माझी नजर पुढं गेली, छत्तीसवर, आणि मी अडखळले. हे वाचू का नको, असं झालं मला.

"का थांबलीस?"

"काही नाही. पुढं साधंच आहे."

"वाच म्हणते ना."

मी वाचलं. माणसं जो जो व्यर्थ शब्द बोलतील त्याचा हिशेब त्यांना न्यायाच्या दिवशी द्यावा लागेल.

मी शास्त्र मिटलं. मनात म्हणलं, झालं, गाडी परत खड्ड्यात. माझ्या सोळा वर्षांत ही बाई जेवढे शब्द बोलली, त्याच्या हिशेबाला येणारं युगसुद्धा पुरणार नाही. पण आई बटाटा सोलायला लागली होती. साल लांबच लांब निघत होती.

"देईन की हिशेब," ती म्हणाली. "सगळा देईन. कशे, हिशेब कुणाला मागतात? घरात घेतलेल्याला. दारातनं हाकलून दिलेल्याला कुणी बसवून विचारत नाही, बाई, हे तू का बोललीस, ते तू का बोललीस."

मग तिनं कांद्याच्या टोपलीकडं बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. "आणि तू काय नुसती वाचत बसणार का, भवाने? दोनशे माणसाचा कांदा तुझा बाप चिरणार?"

मला एवढी गोड शिवी आयुष्यात मिळाली नाही.

रविवारी चर्च भरलेलं. ब्रदर अलीशा पुढं खुर्चीवर, कंबर सरळ ठेवून. पाळकसाहेबांनी प्रभुभोजनाची भाकर मोडली, डीकन ट्रे घेऊन बाकांमधून फिरायला लागले. भिंगारदिवेकाका आमच्या बाकापाशी आले, माझ्यापुढं ट्रे धरला, आणि आईला वगळून पलीकडं वाकले.

"भिंगारदिवे," आई म्हणाली. हळूच म्हणाली, पण आईचं हळूच म्हणजे बाकीच्यांची घोषणा.

"वहिनी," काका कुजबुजले, "ठराव आहे."

"माझ्या हातचा रस्सा तुम्हाला दुपारी चालणार. मग तुमच्या हातची भाकर मला आत्ता चालते. आणा इकडं."

सगळं चर्च वळून बघत होतं. काकांनी वळून पाळकसाहेबांकडं बघितलं. पाळकसाहेबांनी ब्रदरकडं बघितलं. ब्रदर डोळे मिटून प्रार्थनेत होता, म्हणजे त्याला काही बघायचं नव्हतं. मग पाळकसाहेब खाकरले, आणि वेदीवरून म्हणाले, "तुम्ही सर्व ह्यातून प्या, असं प्रभूनं प्याला देताना म्हटलं आहे. मूळ ग्रीकमध्ये इथं जो सर्व शब्द आहे..." ते थांबले. मला वाटलं आता पाच मतं येणार. "त्याचा अर्थ सर्वच असा आहे," ते म्हणाले आणि खाली बघितलं.

काकांनी ट्रे आणला. आईनं भाकरीचा तुकडा उचलला. तोंडात घालायच्या आधी तो पदरावर धरून एकदा नीट बघितला. 

दुपारी जेवणाला ब्रदर रांगेत आला. आईनं त्याला दोन डाव रस्सा जास्त वाढला आणि म्हणाली, "ब्रदर, पुढच्या खेपेला ढकलायच्या आधी विचारत जा. बायांच्या माना धरलेल्या असतात." तो म्हणाला, "हो ताई." ताट घेऊन माझ्या शेजारून जाताना त्यानं हळूच विचारलं, "तीसमध्ये काय आहे गं?"

"वाचा की," मी म्हणलं.

चौकशी काही झाली नाही. पुढच्या महिन्यात पाळकसाहेबांनी मत्तय बारावर, मूळ भाषेच्या प्रकाशात, पाऊण तास उपदेश केला. लोक म्हणाले, काय अभ्यास आहे. दीनाआत्यांनी मात्र त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी घरी येऊन उपास सोडला, आमच्याच वड्यावर.

पण मी सांगत होते त्या रविवारचं. भांडी घासून झाल्यावर आम्ही हातगाडी ढकलत घरी निघालो. आई गप्प होती. दवाखान्याचं फाटक गेलं तरी गप्प. मला परत धडकी भरली.

"आई, काय झालं?"

"विचार करतेय."

"कसला?"

"तुझे पप्पा भेटले की पहिलं काय बोलायचं."

"निदान पहिल्या भेटीत शिवी देऊ नको," मी म्हणलं.

आईनं गाडी थांबवली. ती वळली, अख्खी वळली, आणि माझ्याकडं बघितलं, मी अगदीच वेडी असल्यासारखं.

"मग ते मला ओळखतील कसे?"